बाबांनी न कापलेली माहूलवेल

मंडळी, आज जीव भांड्यात पडला. रस्त्यासाठी साकोलीजवळची झाडं तोडली असं ऐकून सकाळी धावतच गेले, तर आमची माहूलवेल तशीच उभी!

ऐंशी सालाच्या आसपास बाबा जंगलखात्यात मजुरीला होते. वेली झाडांना आवळतात, म्हणून सगळ्या कापायचा हुकूम होता. मी शिदोरी घेऊन गेले, तेव्हाच साहेबांनी विचारलं, "ती मोठी कापली का?"

"कापली जी," बाबा म्हणाले.

वाटेत मी विचारलं, "बाबा, खोटं काहून सांगतलं?"

"तुह्या ताईचं लगन हाये. माहूलच्या पत्रावळी नसल्या, तं वऱ्हाडी कायच्यावर जेवतीन?"

आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांवर पसरलेल्या त्याच वेलीवरून वांदरं रस्ता ओलांडत होती, गाड्यांच्या वरून, पिल्लं पोटाशी धरून.

तुमच्या घरात आहे का असं एखादं खोटं, अजून कामी येणारं?