उन्हाला न दाखवलेली रेती

आधी चिमटीत माती घ्यायची, मग ती समोरच्या दातांत धरून हळूच चावायची आणि डोळे मिटायचे. "करकर लागतेय. रेती," असं म्हणून मॅडम थुंकायच्या आणि वहीत लिहून ठेवायच्या. करकर लागली नाही, तर चिखलाचा गाळ. तुम्ही म्हणाल, ही काय रीत झाली! आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला मागच्या दारी ओढून विचारलं, "गो, ही बाय माती खातेय. या वयात पोटुशी हाय काय?"

मॅडम तेव्हा साठीच्या पुढे होत्या. पुण्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. भातकापणी उरकली आणि सावित्री नदीचं पाणी उतरलं, की त्या महाड-पोलादपूरच्या मधल्या आमच्या गावी यायच्या आणि आठ दिवस आमच्याच घरी राहायच्या. मी गावच्या शाळेत शिक्षिका. त्या मला बाई म्हणायच्या, मी त्यांना मॅडम.

आमच्या बौद्धवाडीच्या खाली नदीची उंच दरड होती. तिच्या पोटात एक काळा पट्टा. खाली रेती, वरही रेती. त्या वाटेनं शाळेत जाऊन माझा जन्म गेला, पण मी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"बाई, ही गाडली गेलेली जमीन आहे," मॅडमनी सांगितलं. "हिच्यावर गवत डुलत होतं. तिकडे उत्तरेत बर्फाचे डोंगर साठले होते, तेव्हाची."

"इथे बर्फ? मॅडम, एकदा मे महिन्यात महाडला या म्हणजे कळेल."

"इथे नाही हो! पण तिकडे बर्फ साठला की इथला पाऊस आटायचा. नदीला पूर नाही, काठावर गाळ नाही. मग गवत वाढलं, कुजलं, माती काळी झाली. पुढे बर्फ वितळला, पाऊस परत आला आणि पुरानं हिच्यावर रेती घातली. ती रेती कधी पडली, तेवढं कळलं की झालं."

तेवढं कळलं की झालं! हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की कधीकधी मला त्याचा रागच यायचा. एकदा कशेडी घाटात दरड कोसळून आमची एसटी अडकली. सगळे सरकारला शिव्या देत होते. या खाली उतरल्या, कोसळलेल्या मातीपाशी गेल्या आणि घातली की चिमूट तोंडात! कंडक्टर मला म्हणाला, "म्हातारीला भूक लागलीय काय? माझ्याकडं भाकरी हाय."

एका वर्षी त्यांनी काळ्या पट्ट्याच्या अगदी वरच्या रेतीत हातभर लोखंडी पाईप ठोकला, भरलेला उपसून काढला, दोन्ही तोंडांना काळी टेप लावली आणि माझ्या हाती दिला. "जपून ठेवा हं," एवढंच म्हणाल्या आणि कुडपणला पठारावरची माती बघायला गेल्या.

मी जपला. तो ओला लागत होता. पावसाळ्यानंतर ओली वस्तू घरात ठेवणं म्हणजे आमच्याकडे पापच, बुरशी धरते. मी टेप काढली, रेती सुपात पसरली आणि दिवसभर अंगणात कडक उन्हात वाळवली. संध्याकाळी परत भरली, नवी टेप लावली. मॅडमना न्यायला हलकं होईल, म्हणून मनात खूशही झाले. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

पुढच्या वर्षी मॅडम आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. "प्रयोगशाळेत रेती आजची निघाली, बाई. अंधारात असेपर्यंतच तिच्यात वर्षं साठतात. ऊन लागलं की सगळी पुसून जातात. माझीच टेप सैल राहिली असेल."

गप्प बसता आलं असतं. पण बाई बिचारी स्वतःला बोल लावत होती, ते बघवेना.

"मॅडम, टेपचा दोष नाही. मी वाळवली. सुपात."

त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पाखडली नाहीत ना?" आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. त्यात हसू किती होतं आणि रडू किती, ते मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पाईप ठोकला. प्रयोगशाळेत नंबर लागायला वेळ होता आणि मॅडमचे गुडघे बोलत होते. "राहू दे तुमच्याकडे. पुढच्या वर्षी नेते," त्या म्हणाल्या. "आता तुमच्याइतकं कुणी जपणार नाही." मी तो काळ्या कापडात गुंडाळून भाताच्या कणगीमागे ठेवला.

त्या पावसाळ्यात पुरानं दरड नेली. काळ्या पट्ट्यासकट सगळी. मॅडमचा फोन आला.

"दरड?"

"गेली, मॅडम."

"आणि पाईप?"

"आहे."

"येते मी," त्या म्हणाल्या.

भातकापणी झाली. पाणी उतरलं. मी त्यांची खाट झटकून ठेवली. रस्त्यावर एसटी थांबली की हातातलं काम टाकून बाहेर यायचे. दिवाळी गेली, आंब्याला मोहोर आला. त्यांचा फोन नुसता वाजायचा. मग एक दिवस त्यांच्या विद्यार्थिनीनं उचलला. मॅडम गेल्या होत्या. शेवटी शेवटी पाईपचंच विचारत होत्या, म्हणाली. तो नुसता पार्सल करा, म्हणाली.

पार्सल? मी महाडहून पुण्यापर्यंत तो मांडीवर घेऊन गेले. खिडकीतलं ऊन सरकलं, की मी पदर सरकवायचे.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. रेती बर्फ वितळून पाऊस परतला त्याच वेळची होती. मॅडम म्हणत होत्या तेच निघालं. मी "बरं झालं" म्हटलं आणि फोन ठेवला. तेवढं कळलं. पण ज्यांना कळायला हवं होतं, त्या कुठे होत्या?

रिकामा पाईप तिनं मला परत पाठवला. दसऱ्याआधी घर झाडून-पुसून काढते तेव्हा गोधड्या, सुपं, कणगी, सगळं अंगणात उन्हाला जातं. पाईपही जायला हरकत नाही. आता त्यात काही नाही. दर वर्षी मी तो उंबऱ्यापर्यंत नेते आणि पदराखाली झाकून परत आत आणून ठेवते.