आईची अर्धी प्रार्थना

"ताई, पुरे. पुरुषमाणूस आलाय आता. तुम्ही चहा टाका."

दिल्ली कॅन्टोन्मेंटमधलं आमचं क्वार्टर. वडील फौजेत, मूळचे नगरकडचे. दर रविवारी आसपासच्या ख्रिस्ती जवानांच्या बायका आमच्याकडे जमायच्या आणि प्रार्थना आई चालवायची. त्या दिवशी ती डोळे मिटून म्हणत होती, "हे बापा, आणि माझ्या लेकीला..." तेवढ्यात चर्चचे नवे पाळक, म्हणजे पाद्री, आत आले. शिकलेले, मोठ्या घरातले. याच शब्दांत त्यांनी तिला तिथंच थांबवलं. आमेनसुद्धा म्हणू दिलं नाही.

आई उठली. बायका सतरंजीकडे बघत बसल्या. मी शाळकरी पोर, तिच्या मागं स्वयंपाकघरात गेले.

"काय मागत होतीस गं माझ्यासाठी?"

"राहू दे. दूध उतू जाईल."

त्यानंतर ती कधी मोठ्यानं प्रार्थना म्हणाली नाही. मरेपर्यंत नाही.

आता मी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांतल्या बायकांवर संशोधन करते. तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या. मंडळी घरात जमायची, कित्येकदा बाईच्या घरात. बायबलमधल्या जुन्या पत्रांच्या शेवटी या बायकांना सलाम सांगितलाय, नावानिशी. ती नावं वाचताना आईचा आवाज मानगुटीवर बसतो. "आणि माझ्या लेकीला..." पुढं काहीच नाही. मेट्रोत ऐकू येतो. गॅससमोर तर येतोच.

मागच्या हिवाळ्यात दिल्लीतल्या एका सेमिनारमध्ये मी हेच मांडत होते. अध्यक्षांनी मध्येच टेबल वाजवलं.

"मैडम, सलाम मिलने से कोई पादरी नहीं हो जाती. घर उनका था, चाय-पानी करती होंगी. चलिए, बैठिए."

सगळे हसले.

बसायला माझे गुडघे वाकले. खरंच वाकले. खुर्चीला हात लागला, आणि कानात आई. डोक्यात तिडीक गेली.

"सर, मेरा वाक्य पूरा नहीं हुआ."

"टाइम हो गया."

"नहीं बैठूँगी."

उभ्यानंच शेवटपर्यंत वाचलं. आवाज फाटला. अध्यक्ष मोबाइल बघत राहिले. जेवणाच्या रांगेत माझ्याशी कोणी बोललं नाही.

रविवारी दिल्लीतच, द्वारकेतल्या माझ्या फ्लॅटवर बायका जमतात. प्रार्थना आम्ही आळीपाळीनं चालवतो. बोलणारीला कोणी मध्ये तोडत नाही. कुकर वाजला तर वाजू देतो.

आई माझ्यासाठी काय मागत होती, ते मला कधीच कळणार नाही. क्षमा करावी, असं मला लहानपणापासून शिकवलंय. त्या अर्ध्या वाक्याची क्षमा मी करणार नाही.