तलावाचा ठराव

लांजीकडच्या आमच्या गावात सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव निघाली अन् घरच्यांनी मले उभं केलं. निवडून आली मी, पण हार पडले भासऱ्यांच्या गळ्यात, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाच्या. पंचायतीत खुर्चीवर ते बसत, मी खाली सतरंजीवर, डोक्यावर पदर घेऊन. सचिव कागद समोर ठेवे, मी सही करी. लोक त्यांनाच सरपंच साहेब म्हणत. आग लागो त्या सहीले!

आमच्यात रीत अशी, का भासरे अन् लहान भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. काही सांगाचं असलं तर तिसऱ्याच्या तोंडानं. "मोठ्यायले सांगा, जेवण वाढलं," असं मी भिंतीकडे पाहून म्हणाची. ही रीत मोडली तर घराची अब्रू गेली समजा, असं भासरेच साऱ्या गावाले शिकवत. लग्न झाल्यापासून अकरा वर्षं अशीच गेली.

मग गावच्या तलावाचा ठेका निघाला. मासोळ्या अन् शिंगाड्यांसाठी तो दरवेळी भासऱ्यांच्याच माणसांना जायचा. यंदा बचत गटाच्या बायकांनी अर्ज केला. तलावातला गाळ त्यांनीच उपसलता.

"तू सरपंच असून आमाले तलाव भेटत नाही, त मंग तू काहून हायेस वं?" एकीनं तोंडावरच विचारलं. असं झोंबलं मले, दोन दिवस भात गोड लागला नाही.

ग्रामसभेत सचिव भासऱ्यांच्या माणसांचा अर्ज वाचाले लागला, तशी मी उभी राह्यली. "थांबा. पहिले बायकांचा वाचा."

भासरे सचिवाकडे वळले. "तिले म्हणा, खाली बस."

"सचिव साहेब," मी म्हटलं, "मोठ्यायले सांगा, ज्याले बोलाचं हाय त्यानं सरपंचाशी बोलावं. सभेत निरोप चालत नाहीत."

आता झाली ना पंचाईत! बोलावं तर रीत मोडते, तीही त्यांनीच जपलेली. गप्प बसावं तर तलाव जाते. ते नुसतेच खाकरत राह्यले. मी बायकांचा अर्ज वाचला अन् म्हटलं, "मंजूर असन त्यानं हात वर करा."

पहिला हात वर गेला माझ्या जावेचा. त्यांच्याच बायकोचा! मग बायकांच्या बाजूनं हातच हात. हळूहळू मागचे माणसंही हात वर कराले लागले.

शेवटी भासरे उठले. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोलले, "सरपंच बाई, माहा विरोध हाय."

सरपंच बाई! छाती भरून आली माही. सचिवाच्या हातातून मी रजिस्टर ओढून घेतलं, पेन उघडला. आमच्याकडे भासऱ्याचं नाव बाईच्या जिभेवर येत नाही, लिहिणं तर दूरच. मी त्यांच्याकडे सरळ पाहून म्हटलं, "हौ, लिहून घेते. नाव सांगा."