गुलाल लागलेली नाणी

परवा लेकानं गल्ला खुळखुळवला आणि मला सातपूरची ती दुपार आठवली. मी चौथीत होते. शाळेतून पायी येताना रस्त्यावर लाह्यांमध्ये नाणी विखुरलेली दिसली. ओंजळभर गोळा केली आणि धावत घरी जाऊन आईला दाखवली. माझ्या बोटांना लागलेला गुलाल पाहून ती एकदम ओरडली, "अगं, मयतावर उधळलेले पैसे हे! जा, होते तिथं टाकून ये." मी रडत परत गेले. बायका मयताबरोबर आमच्या कोपऱ्यापर्यंतच जायच्या. तिथं एक बाई अजून जमिनीवरच बसलेली होती, दोघीजणी तिला उठवत होत्या. मी नाणी टाकायला वाकले तशी ती म्हणाली, "नको टाकू बाळा. माझ्या लेकाच्या गल्ल्यातले हायेत. गाडीसाठी साठवत होता. तू खाऊ घे." मी घाबरले, तिच्या पायाशीच ओंजळ रिकामी केली आणि पळाले. तिचं एवढंसुद्धा ऐकलं नाही. परवा माझा लेक म्हणाला, "अजून दोन वर्षं साठवतो, मग गाडी घेतो." मी म्हटलं, "साठवत बसू नकोस. याच महिन्यात घेऊ."