शेणाच्या मॅडम

आमच्या मॅडम चालताना कधी समोर बघायच्या नाहीत. नजर कायम खाली, रस्त्यावर. नवीन माणसाला वाटायचं, काय सोज्वळ बाई! सोज्वळ कसल्या डोंबलाच्या, मॅडम शेण शोधत असायच्या. रंकाळ्याच्या कडेनं आम्ही दोघी माझ्या पीएचडीवर गंभीर चर्चा करत चाललोय आणि मॅडम एकदम थांबून ओरडायच्या, "ए गडहिंग्लज, लीद! ताजी हाय!" येणारे-जाणारे वळून बघायचे. मी गडहिंग्लजची, म्हणून माझं नाव गडहिंग्लज. पाच वर्षांत माझं खरं नाव त्यांनी फक्त फॉर्मवर लिहिलं.

मॅडम कोल्हापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. जनावरांच्या शेणावर उगवणाऱ्या बुरशा शोधायच्या, ओळखायच्या, त्यांची वर्गवारी लावायची, हा त्यांचा तीस वर्षांचा उद्योग. अख्खं कॉलेज त्यांना 'शेणाच्या मॅडम' म्हणायचं आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. त्यांचे वडील कसबा बावड्यात टांगा चालवायचे. "आमचं घर घोड्यावर चाललं, मग मी लिदीला कशाला लाजू?" असं त्यांचं म्हणणं. पहिल्या तासाला एखाद्या पोरीनं ओढणी नाकाला लावली की फळ्याकडे तोंड ठेवूनच मॅडमचा आवाज यायचा, "नाक मुरडायचं असंल तर कॉमर्सला जावा की!"

सरसकट सगळ्याला शेण म्हणणाऱ्यावर त्यांचा राग. शेण गाई-म्हशीचं, लीद घोड्याची, लेंड्या शेळ्या-मेंढ्यांच्या. प्रत्येकावर येणारी बुरशी वेगळी, येण्याची वेळ वेगळी. काचेच्या बशीत ओला टिपकागद, त्यावर शेणाचा तुकडा, वर काचेचं झाकण, आणि मग दोन महिने नुसतं बघत बसायचं. आधी येणार केसासारखी बारीक, डोक्यावर काळी टोपी घातलेली. ती उजेडाच्या दिशेनं टोपी उडवते आणि झाकणावर टिपके पडतात. मग इवल्या वाट्या, मग काळे चंबू, शेवटी छत्र्या. मॅडम त्यांना पाहुणे म्हणायच्या. मी घाईनं बशी धुवायला घेतली की हातावर चापट बसायची. "थांब की जरा! मागनं येणारी पावणं काय दारातनं परत जाऊ देत व्हय?"

एसटीत तर त्यांच्याशेजारी बसायची माझी छाती व्हायची नाही. मलकापूरहून येताना एकदा कंडक्टरनं विचारलं, "ताई, कसला वास मारालाय?" मॅडमनी पिशवी उघडून त्याच्या नाकासमोर धरली. "मेंढीच्या लेंड्या हायत. हुंगून बघा, काय वास न्हाय." त्या गरीब माणसानं खरंच हुंगलं आणि तिकीट न फाडताच पुढं गेला. ईदला त्या स्टाफरूममध्ये शीरखुर्मा आणायच्या, तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, की डबा कोणता? "धुतलाय की!" असं त्या म्हणाल्या की निम्मा स्टाफ उपवास आठवून उठायचा. उरलेला सगळा शीरखुर्मा मी खाल्लाय. तसा शीरखुर्मा मी पुन्हा कुठं खाल्लेला नाही.

बाकी कशातही चालढकल चालायची, पण लेबलात नाही. नमुन्याच्या प्रत्येक कागदी पुडीवर चार गोष्टी पाहिजेत: कुणाचं, कुठलं, कधीचं, उचललं कुणी. "शेण बोलत न्हाय. त्याच्या वतीनं आपण बोलतोय," असं सांगायच्या. मी मान डोलवायची. मान डोलवायला काय जातं!

मॅडमना निवृत्त व्हायला चार-पाच महिने उरले होते आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट सलत होती. तीस वर्षांत त्यांनी शेकड्यांनी बुरशा ओळखल्या, पण एकही जगाला नवी अशी सापडली नव्हती. एखादी मिळाली असती तर तिला त्यांनी दिलेलं नाव कायमचं राहिलं असतं. त्या कधी बोलायच्या नाहीत, पण दुसऱ्या कुणाच्या नव्या जातीचा पेपर वाचला की दिवसभर जुन्या बशा पुन्हा पुन्हा तपासत बसायच्या.

त्या हिवाळ्यात त्यांचा गुडघा धरला, म्हणून गव्याचं शेण आणायला मी एकटी दाजीपूरला गेले. सोबत वाटाड्या होता. अर्ध्या वाटेवर झाडीत गवा दिसला. टीव्हीवर गवा बघणं वेगळं. मी वाटाड्याच्या पाठीमागं दडले. वाटाड्या म्हणाला, "कळप जाऊ दे, तासाभरानं जाऊया." मी म्हटलं, नको दादा, चला माघारी. गावाच्या कडेला तो त्याच्या घराकडे वळला आणि मी एका बांधावरचा शेणाचा वाळका पो उचलून पुडीत घातला. म्हशीचा, दुसऱ्या कुणाचा असणार? वर लिहिलं: गवा, दाजीपूरचं जंगल. आणि खाली माझी सही. एवढ्यानं कुणाचं काय बिघडतंय, असं मनात म्हटलं आणि एसटीत चांगली झोपले.

चाळीसएक दिवसांनी त्या शेणाच्या बशीत काळे चंबू आले. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं आणि हलल्याच नाहीत. चंबूतल्या बीजाणूंना शेपटी होती, मापं ओळखीच्या जातीपेक्षा थोडी मोठी. तीन दिवस त्या मोजत होत्या, जुने पेपर काढून ताडून बघत होत्या. मापातला फरक तसा थोडाच, पण ओळखीची जात गोठ्यातल्या जनावरांची आणि ही रानगव्याची. त्या गव्यानंच पारडं फिरवलं. चौथ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "गडहिंग्लज, नवी हाय गं!" आणि डोळे पुसले. गव्यावरूनच नाव ठरलं. पेपर टाइप झाला. माझ्या प्रबंधातलं पहिलं प्रकरणही तेच होणार होतं. मॅडमनी डिपार्टमेंटला पेढे वाटले. माझा पेढा मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

सोमवारी पेपर पाठवायचा होता. शनिवारी सकाळी मी लॅबमध्ये गेले, तर मॅडम त्या बुरशीचं चित्र शाईनं काढत होत्या. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, "मॅडम, ते गव्याचं नाही. म्हशीचं आहे. मी घाबरून खोटं लिहिलं."

त्यांचा हात थांबला. "कुणाच्या म्हशीचं?"

"माहीत नाही मॅडम."

आता त्या मला हाकलणार, मार्गदर्शक म्हणून सही द्यायची नाकारणार, असं मी धरूनच चालले होते. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. कपाटातून ती पुडी काढली. मग म्हणाल्या, "मला त्यात वाड्याचा चोथा दिसलता." वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, इकडं म्हशींना तेच घालतात. "मी म्हटलं, घुसला असंल गवा कुणाच्या उसात. तू लेबलावर खोटं लिहिलंस, मी माझ्या मनाशी खोटं बोलले. तुझं वय तरी लहान हाय गं."

मी रडायला लागले. त्या नाही रडल्या. पुडी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "खोडू नको. एक रेघ मार, खालचं वाचता आलं पायजे. आणि खरं ल्ही." मी लिहिलं: म्हैस, रस्त्याकडेचा बांध. मग त्यांनी सगळी मापं पुन्हा पहिल्यापासून तपासली. मंगळवारी निकाल लागला. बुरशी जुनीच, ओळखीचीच होती.

त्याच दिवशी त्या स्टाफरूममध्ये गेल्या. मीही मागोमाग गेले. सगळे बसले होते, तिथं मधोमध उभ्या राहून मॅडम म्हणाल्या, "पेढे परत करा. नवीन जात न्हाय ती. माझी चूक झाली." कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, तीस वर्षांत एवढंही कळू नये? मॅडम म्हणाल्या, "व्हय, कळायला पायजे होतं." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. तेव्हा नाही आणि पुढंही कधी नाही. आणि मी दाराशी उभी होते, मुकाट. त्या दिवशी मी पुढं व्हायला हवं होतं. नाही झाले. याची लाज मला आजही वाटते.

माझा प्रबंध वर्षभर लांबला. मॅडम निवृत्त झाल्यावरही घरी बशा मांडून बसायच्या, बशांना हात लावणाऱ्या घरातल्या मुलांना ओरडायच्या, मला फोन करून पाहुणे कोण कोण आले ते सांगायच्या. नवी जात शेवटपर्यंत मिळाली नाही. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

आता मी गडहिंग्लजच्या कॉलेजात शिकवते. दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना ही गोष्ट सांगते. मॅडमची चूक म्हणून नव्हे, माझी म्हणून, माझ्या नावानिशी. पहिल्या वर्षी सांगताना घाम फुटला होता. गोष्ट म्हशीपाशी पोहोचली की मुलं खो खो हसतात. मी हसू देते.

यंदा तास संपल्यावर एक मुलगी मागं राहिली. वर्ग रिकामा होईपर्यंत वही आवरत राहिली, मग टेबलाशी आली.

"मॅडम, मी गेल्या महिन्यात दिलेल्या पुडीवरचं लेबल..."

"चुकलंय?"

"न्हाय मॅडम," ती म्हणाली, "खोटं हाय."

मी उठले आणि तिला जवळ घेतलं. ती बावरली, पण मला त्या क्षणी मॅडमची फार आठवण आली. मग ती पुडी काढायला आम्ही दोघी लॅबकडे गेलो.