गवाहीला दोघं

खजुराच्या खोक्यात आज एक सुकलेला, वाकडा दांडा निघाला आणि मला गावी, वरशातल्या आमच्या गच्चीवरची ती संध्याकाळ आठवली. रमजानचा एकोणतिसावा रोजा नुकताच सुटला होता. तोंडात खजुराची गोडी होती, खालून भज्यांचा वास येत होता. अब्बा मावळतीच्या डोंगरावर डोळे लावून उभे होते.

"कुराणात सांगितलंय," ते म्हणाले, "चांद एकेक मुक्काम करत शेवटी खजुराच्या जुन्या दांड्यासारखा होतो."

मी तेव्हा पेणच्या कॉलेजात विज्ञान शिकत होतो. "चंद्र गोलच असतो, अब्बा. उजेडातला भाग तेवढा आपल्याला दिसतो. तो कधी, कुठे असणार हे गणितानं आधीच कळतं. मग बघायचा कशाला?"

अब्बा हसले. "तुझं गणित खरं असंल. पण त्याला सोबत लागत नाय. ईदच्या चांदाच्या गवाहीला दोघं लागतात. म्हणून तर तुला वर आणलाय."

चांद दिसताच ते माझा हात धरून गवाही द्यायला मशिदीकडे निघाले.

आज अब्बा नाहीत. फोनने सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या वेळी ईदचा चांद दिसला. मी गच्चीवरच उभा राहिलो. एकट्याची गवाही धरत नाहीत.