खिळ्यावरचा पुठ्ठा

सगुणाबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण इंग्रजी पुस्तक कुठे कापावं, हे त्या कानडी शहरातल्या सगळ्या चिकपेट बाजारात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

साड्यांच्या दोन दुकानांमध्ये दाबून बसवल्यासारखी त्यांची बाइंडिंगची खोली होती. सासऱ्यांनी तिथे कापडवाल्यांच्या वह्या शिवल्या. नवऱ्यानेही तेच केलं. तो गेला, तेव्हा तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी सगुणाबाईंनी कुलूप काढलं आणि सुईत दोरा ओवला. तेव्हापासून त्या सगळ्या बोळाच्या अक्का झाल्या.

जून उजाडला की कॉलेजची मुलं यायची. तिघांत मिळून एक जाडजूड पुस्तक. प्रत्येकाने नवं घ्यायचं म्हटलं तर घरचा महिन्याचा किराणा त्यात जायचा. म्हणून एकच घ्यायचं आणि अक्कांकडून फोडून घ्यायचं. अक्का पाठीचा दोरा उसवायच्या, पुस्तकाचे तीन भाग करायच्या, एकेकाला पातळ पुठ्ठा लावून शिवून द्यायच्या. ज्याने त्याने एक भाग घरी न्यायचा. दर सोमवारी अदलाबदल.

मूळचा पुठ्ठा मात्र त्या द्यायच्या नाहीत. त्याच्या आतल्या बाजूला तिघांची नावं लिहून घ्यायच्या आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवायच्या. परीक्षा झाली की तिघांनी एकत्र यायचं. अक्का पुस्तक पुन्हा सांधून द्यायच्या. फोडायचे पैसे घ्यायच्या, जोडायचे नाही.

"जोडायचे का नाही हो, अक्का?" एकाने विचारलं होतं.

"पैसे पडले तर तुम्ही कशाला येताय? माझा पुठ्ठा लोंबत राहील."

एक तसा लोंबतच होता. निळा. सहा वर्षं झाली. तीन मित्रांचं पुस्तक होतं. त्यांचं भांडण झालं आणि कुणीच फिरकलं नाही. पावसाळ्यात त्या पुठ्ठ्यावर बुरशी चढायची. अक्का तो पुसायच्या आणि परत अडकवायच्या.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये वीणा, शाल्मली आणि रम्या आल्या. सेकंड बीएस्सीच्या मुली. रसायनशास्त्राचं पुस्तक, उशीएवढं. तिघींची घरं अक्कांसारखीच मराठी, त्यामुळे आल्या आल्याच गलका.

चार दिवसांनी शाल्मली परत आली. तिला कशावरही तक्रार करायला आवडायचं.

"अक्का, तुम्ही वाक्याच्या मधोमध कापलंत. माझा भाग अर्ध्या वाक्यावर संपतो."

"मी दोऱ्यावर कापते गं. सोळा पानांचा एक फर्मा. त्याच्या मधून सुरी फिरवली तर पान गळतं. वाक्य गळत नाही. ते मैत्रिणीकडं सापडतं."

तिच्याबरोबर आलेली रम्या मागे उभी होती. ती हसली. उरलेलं अर्धं वाक्य तिच्या भागात होतं. ती तिघींत सगळ्यात कमी बोलायची. पुठ्ठ्यावर नाव लिहिताना तिने आधी हात पुसले होते. अक्कांच्या ते लक्षात राहिलं.

मार्चच्या शेवटी वीणा आणि शाल्मली दोघीच आल्या.

"रम्या कुठाय?"

मग वीणाने सांगितलं. रम्याचे वडील पिराजी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते. जानेवारीत तो कारखाना बंद पडला. परीक्षेची फी भरून झाली होती, हजेरीही जेमतेम भरली, पण फेब्रुवारीपासून रम्या कॉलेजात आलीच नाही. पीण्यातच एका युनिटमध्ये पॅकिंगला जाते. तिसरा भाग तिच्याकडे राहिला.

"परीक्षेला तीन आठवडे उरलेत," शाल्मली म्हणाली. "तिला नाही बसायचं तर नको बसू दे. आमचा भाग तरी द्यावा."

"मागितलात?"

"मी गेले होते," वीणा म्हणाली. "दारातूनच 'देते' म्हणाली. मला पुढे बोलवेना, अक्का. तिच्या बोटांना पट्ट्या होत्या."

अक्कांनी खिळ्याकडे पाहिलं. निळ्या पुठ्ठ्याशेजारी या तिघींचा तांबडा पुठ्ठा होता.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "रविवारी मी जाते. पत्ता लिहून दे."

वीणाने पत्ता दिला. पिशवीतून रम्याचं हॉलतिकीट काढलं. ते तिने कॉलेजातून आणून ठेवलं होतं. "हेही द्या. घेईल का माहीत नाही." मग आपला पहिला भागही पुढे केला. त्याची शिवण सैल झाली होती. "हा जरा आवळून ठेवा. सोमवारी नेते."

अक्कांनी तो त्याच दुपारी शिवला. रविवारी निघताना पिशवीत टाकला. का टाकला, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

यशवंतपूर मागे पडल्यावर बस रिकामी झाली. पीण्यात उतरून त्या विचारत विचारत गेल्या. दोन खोल्यांचं घर. दारात पिराजी खुर्ची टाकून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि जायला कुठेच नाही.

"चिकपेटेहून आले. पुस्तकं शिवते मी."

"पुस्तक न्यायला आलात होय," पिराजी म्हणाले. "न्या, अक्का. आमच्यात आता कुणी शिकत नाही."

रम्या आतून आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला तिसरा भाग. आधीच गुंडाळून ठेवलेला.

"त्यांना सांगा, उशीर झाला. चुकलंच माझं."

अक्कांनी कागद सोडला. पुस्तक वाचता येत नसलं, तरी वापरलेलं पुस्तक त्यांना कळायचं. पानांचे खालचे कोपरे अंगठ्याने मऊ झाले होते. कडेला मशीनच्या तेलाचे पुसट ठसे. शिवणीपाशी पान सपाट उघडत होतं. असं पन्नास-साठ वेळा उघडल्याशिवाय होत नाही.

"हा तर तू पाठ केलायस."

रम्याने बोटावरची पट्टी नीट केली.

"कधी वाचतेस?"

"चहाच्या सुट्टीत."

"मग परीक्षेला का नाही बसत?"

"हा एकच भाग येतो मला, अक्का. आधीचे दोन विसरले. ते त्यांच्याकडेच होते." ती थांबली. "मागायचं कोणत्या तोंडाने? मी आपणहून सोडून आले."

अक्का उंबऱ्यावरच बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. वीणाचा भाग काढला. दुसऱ्याची वस्तू न विचारता कुणाला देऊ नये, असं सासरे सांगायचे. दुकानाचं नाव त्यावरच टिकलं, असंही सांगायचे. अक्कांनी तो भाग रम्याच्या हातात ठेवला. वर हॉलतिकीट ठेवलं.

"हा नेते, हा ठेव. पुढल्या रविवारी मधला घेऊन येते. तीन आठवडे, तीन भाग. बरोबर बसतंय."

"वीणा रागावेल."

"रागावली तर माझ्यावर रागावेल. तिला शिव्या येतात कुठं?"

पिराजी खुर्चीतून बघत होते. "पुस्तक न्यायला आलात का द्यायला?"

"दोन्हीला."

"आणि परीक्षेच्या दिवशी कामाचं काय? चार दिवस खाडा केला तर तिथं पाचव्या दिवशी दुसरी मुलगी उभी असते."

ते खरंच होतं. रम्याने हॉलतिकीट परत अक्कांपुढे धरलं. अक्कांनी ते घेतलं नाही. त्यांनी फक्त पिराजींच्या हातांकडे पाहिलं. फिटरचे हात. तीन महिने धुतलेले, स्वच्छ.

"पॅकिंगमध्ये काय असतं?" त्यांनी रम्याला विचारलं.

"खोक्यात पार्ट भरायचे. पट्टी मारायची."

"अवघड असतं?"

"नाही."

शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

पिराजी उठले. आत गेले. बाहेर आले ते पाण्याचा तांब्या घेऊन. तो अक्कांपुढे ठेवला आणि रम्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या सुपरवायझरला विचार. चार दिवस बदली माणूस चालतो का म्हणावं. बावीस वर्षं पार्ट घडवले, चार दिवस खोक्यात भरायला काय जातंय."

रम्याने हॉलतिकीट पुस्तकात ठेवलं. खूणपट्टीसारखं.

सोमवारी वीणा दुकानात आली. अक्कांनी सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसल्या. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी गिऱ्हाइकाची वस्तू परस्पर दिली होती. वीणाने तिसरा भाग उघडला, तेलाचा ठसा पाहिला.

"तिला माझ्या नोट्सपण द्यायच्या का?"

शाल्मलीने मात्र तोंड वाकडं केलं. माझा भाग अख्खा आठवडा जाणार, मी नापास झाले तर अक्कांनी माझ्या घरी यायचं, बाबांसमोर उभं राहायचं. अक्का म्हणाल्या, येईन. पुढल्या रविवारी बसस्टॉपवर शाल्मलीच मधला भाग घेऊन उभी होती. कागदात रम्याला खायला कोडबळ्यांची एक पुडीही होती.

मेमध्ये तिघी आल्या. पेपर संपले होते. निकालाबद्दल कुणी बोललं नाही. रम्याची बोटं बरी झाली होती. पिराजी चार दिवसांसाठी गेले होते, ते अजून जात होते. सुपरवायझरने बापलेक दोघांनाही ठेवून घेतलं होतं. घरी तक्रारी सांगतात म्हणे, खोक्यांचा पुठ्ठा हलका येतो.

अक्कांनी खळ गरम केली. खिळ्यावरून तांबडा पुठ्ठा काढला. तिन्ही भागांचे पातळ पुठ्ठे उसवले, फर्मे एकावर एक ठोकून सारखे केले. रम्याने न सांगता दोरा ताणून धरला. दुसरा आणि तिसरा भाग जिथे भेटतात तिथे अक्कांची सुई थांबली. त्यांनी दोन पानं शेजारी शेजारी उघडली.

"हेच ना ते? मी कापलेलं?"

"हेच," शाल्मली म्हणाली.

"काय लिहिलंय?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग रम्याने ते अख्खं वाक्य मराठीत सांगितलं. काही द्रव मिसळले की उष्णता निघते, आणि ती निघाली की बहुधा समजावं, काहीतरी नवं तयार झालं.

"एवढंच?" अक्का म्हणाल्या, आणि सुई पुढे गेली.

पुस्तक दाबाखाली ठेवेपर्यंत दारात तीन नवी मुलं येऊन उभी होती. पुढच्या वर्षीची. हेच पुस्तक त्यांना हवं होतं. मुलींकडून ते जुन्या भावाने घ्यायला पैसे काढून तयार.

"अक्का, फोडून द्या ना. आत्ताच."

सगुणाबाईंनी दाबाच्या दगडावर हात ठेवला.

"उद्या या," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस ते अख्खं राहू दे."